कृष्णकमळाची वेल

आपल्या कृष्णकमळाच्या कुळातील फुलांत प्रभूच्या दुःखसहनाच्या खुणा आहेत, असे दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश मिशनऱ्यांस (ते रोमी पंथाचे होते खरे) वाटले: तीन खिळे, पाच जखमा, काट्यांचा मुकुट. परंतु ते फूल एका दिवसात मिटते. आपणही ख्रिस्ताचे नाव मिरवितो. फळ कोठे आहे?

कोडगू व निलगिरीकडे याच कुळातील फळवेल लावितात. तिला फळ नव्या फुटीवरच धरते, म्हणून हंगाम सरताच माळी जुन्या फांद्या छाटितो (योहान १५:२ पाहा). मंडळीतील जुने तंटे, जुना मानपान यांस कोयता लावावयास मात्र आपण भितो! पिकलेले फळ आपोआप भूमीवर पडते. सुरकुतलेले असले तर अधिक गोड. ते वेचणारा रोज वेलीखाली वाकतो.