घाई नको

श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, ट्युलिपची मोठी बाग आहे. थंडीच्या तोंडावर तिथे कंद लावतात. मग वर बर्फ पडतो. ती थंडी कंदाला हवीच असते. तिच्याशिवाय फूल नीट उमलत नाही. वसंतात ताटवे फुलतात आणि बघणाऱ्यांची रीघ लागते.

मग फुलं गळतात. गर्दी ओसरते. उरतात नुसती पानं, हळूहळू पिवळी पडणारी. ती डोळ्यांना खुपतात, कापून टाकावीशी वाटतात. पण जाणता माळी म्हणतो, घाई नको. हीच पानं उन्हात अन्न तयार करून खाली कंदात साठवत असतात. पुढचं फूल त्या साठ्यावरच येतं.

माणसांशी आपण कसं वागतो? मोठं काम उरकून थकलेल्याला लगेच विचारतो, आता पुढे काय? बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या सुनेकडून पूर्वीचीच धावपळ मागतो. तिथेही, मंडळी, घाई नको. त्यांचं स्वस्थ बसणं म्हणजे आळस नव्हे.

आज तुमच्या घरात असं कुणी दमलेलं असेल, तर त्यांच्या वाट्याचं एखादं काम तुम्ही करा.