मधला काळ : मृत्यूनंतरच्या ख्रिस्ती कल्पनेची जडणघडण

माणूस मेल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्म सुरुवातीपासून दोन उत्तरे देत आला आहे. पहिले आत्म्याविषयीचे : मरताक्षणी आत्मा देवासमोर जातो. दुसरे देहाविषयीचे : युगाच्या अंती सारे मृत उठवले जातील आणि त्यांचा न्याय होईल. दोन्ही उत्तरांना बायबलचा आधार आहे आणि मुख्य प्रवाहातील चर्चने त्यांपैकी एकही सोडलेले नाही. मात्र दोन्ही एकदम मानली की मृत्यूचा दिवस आणि पुनरुत्थानाचा दिवस यांच्यामध्ये एक काळ उरतो. त्या काळात मृत व्यक्ती कुठे असते, तिला काही कळते का, तिच्यासाठी जिवंतांना काही करता येते का, या प्रश्नांभोवतीच ख्रिस्ती परलोकविचार घडत गेला. मराठी मुलखात तो निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या पंथांकडून आला आणि इथे त्याची गाठ पुनर्जन्माच्या श्रद्धेशी पडली.

ख्रिस्ती विचाराचे मूळ यहुदी धर्मात आहे आणि तिथे आरंभी परलोकाला फारसे महत्त्व नव्हते. जुन्या करारातील बहुतेक ग्रंथांनुसार सज्जन आणि दुर्जन दोघेही मेल्यावर शिओलमध्ये, म्हणजे मराठी बायबलच्या भाषेत अधोलोकात, उतरतात. तिथे ना शिक्षा असते ना सुख. असते ती सावलीसारखी अवस्था. उपदेशकाच्या पुस्तकात तर मेलेल्यांना काहीच कळत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. नीतीचे फळ याच जन्मी, संतती, शेती आणि दीर्घायुष्य यांच्या रूपाने मिळते, ही त्या काळची धारणा होती.

या धारणेला तडा गेला तो छळामुळे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अँटिओकस चौथा या ग्रीक राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि धर्म न सोडणाऱ्यांना ठार केले. देवाशी निष्ठा ठेवल्यामुळेच ज्याचे आयुष्य खुंटले, त्याला न्याय कधी मिळणार? याच काळातील मानल्या जाणाऱ्या दानिएलाच्या पुस्तकात धुळीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, काही अनंत जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी, असा विचार प्रथमच ठळकपणे येतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्यांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात, तेव्हा सेनापती यहुदा वर्गणी गोळा करून या मृतांच्या पापाबद्दल यरुशलेमच्या मंदिरात बली अर्पण करण्याची व्यवस्था करतो. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करावी, या कॅथलिक शिकवणुकीचा हा प्रमुख शास्त्राधार. प्रोटेस्टंट हे पुस्तक प्रमाण बायबलमध्ये धरत नाहीत. पुढच्या वादाचे एक मूळ इथेच आहे.

येशूच्या काळी यहुद्यांमध्ये याबाबत एकमत नव्हते. परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, सदूकी पंथाचे नाकारत. एकीमागून एक सात भावांशी लग्न लागलेली बाई पुनरुत्थानानंतर कोणाची बायको ठरेल, असा खोचक प्रश्न सदूकींनी येशूला विचारला होता. तिथे लग्नव्यवहारच नसतो, हे त्याचे उत्तर. म्हणजे पुनरुत्थित जीवन हे याच संसाराचे पुढचे पान नव्हे. वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगाराला मात्र तो ‘आजच’ सुखलोकाचे आश्वासन देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे आणि तिथली कसोटी अगदी साधी आहे : भुकेल्याला अन्न दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का. नरकासाठी वापरलेले गेहेन्ना हे नाव यरुशलेमबाहेरील हिन्नोमच्या खोऱ्याचे आहे. तिथे पूर्वी मुलांचे बळी दिले जात, म्हणून त्या जागेला शापित मानत.

प्रेषित पौलाच्या पत्रांत ही दोन्ही उत्तरे एकाच लेखणीतून उतरलेली दिसतात. इ. स. 50च्या सुमारास त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले तेव्हा प्रभूचे पुनरागमन तोंडावर आले आहे अशी अपेक्षा होती. त्याआधीच मेलेल्या आप्तांचे काय, ही त्या मंडळीची चिंता होती. ते निजले आहेत आणि आधी तेच उठतील, असा धीर पौलाने दिला. करिंथकरांना त्याने बियाणाचा दाखला दिला : पेरले जाते ते एक, उगवते ते दुसरे, तरी दोहोंत नाते आहे. फिलिप्पैकरांना लिहिताना मात्र आपल्याला येथून निघून ख्रिस्ताजवळ जाण्याची इच्छा आहे, असे तो म्हणतो. निद्रा की तत्काळ सहवास, हा प्रश्न त्याने सोडवलेला नाही. पुनरागमन लांबत गेले तसा तो प्रश्न मोठा होत गेला.

पुढच्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञानातील अमर आत्म्याच्या कल्पनेने ही जागा भरून काढली. विश्वासांगीकारात शब्द राहिले ते पुनरुत्थानाचे. भाविकांच्या मनात मात्र आत्म्याच्या स्वर्गारोहणाला पहिले स्थान मिळाले. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेनने अखेर सर्वच जीव देवाकडे परततील, अशी शक्यता मांडली. त्याच्याशी जोडलेली मते सहाव्या शतकात निषिद्ध ठरली. पुढे धर्मपंडित ऑगस्टीनने नरक अनंत मानला, पण काही आत्मे मृत्यूनंतर शुद्ध होत असतील हेही मान्य केले. त्यातून मध्ययुगात शुद्धिस्थानाची, म्हणजे पर्गेटरीची, शिकवण आकाराला आली : देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा तिथे तावून सुलाखून स्वर्गात जातो, आणि जिवंतांची प्रार्थना व मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, त्याला साह्य करतात. 1274 मध्ये लियोंच्या दुसऱ्या परिषदेने मृत्यूनंतरच्या या शुद्धीला अधिकृत मान्यता दिली.

हा मधला काळ किती नाजूक विषय होता, हे एका पोपच्या उदाहरणावरून दिसते. 1331 मध्ये पोप जॉन बाविसावा याने आव्हिन्यों येथील प्रवचनांत सांगितले, की संतांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायापूर्वी देवाचे पूर्ण दर्शन घडत नाही. त्यावर गदारोळ उठला आणि पॅरिस विद्यापीठातील धर्मपंडितांनी विरोध केला. संत अजून देवासमोर पोचलेलेच नसतील तर त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना करण्याला काय अर्थ, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. 1334 मध्ये मृत्युशय्येवर पोपने आपले मत मागे घेतले. त्याच्या जागी आलेल्या बेनेडिक्ट बाराव्याने 1336 मध्ये निर्णय दिला, की शुद्ध आत्म्यांना मृत्यूनंतर लगेचच देवाचे दर्शन घडते. कॅथलिक शिकवणुकीत तो आजही कायम आहे.

शुद्धिस्थानातील शिक्षेत सूट मिळवून देणाऱ्या दंडमुक्तिपत्रांचा व्यापार सुरू झाला तेव्हा त्याविरुद्ध 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने आपली 95 कलमे मांडली. धर्मसुधारणेच्या ओघात प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान आणि मृतांसाठीची मिस्सा दोन्ही काढून टाकली. तारण केवळ विश्वासाने मिळते, मग मेल्यावर फेडायचे काय उरते, असा त्यांचा सवाल होता. मधल्या काळाबाबत मात्र त्यांच्यातही फूट होती. मृत जण पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतात, या कल्पनेकडे ल्यूथरचा कल होता. धर्मसुधारक कॅल्व्हिनने तिच्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॅथलिक चर्चने 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत शुद्धिस्थानाची शिकवण पुन्हा पक्की केली.

मराठीत हा विचार प्रथम विस्ताराने आला तो ट्रेंटनंतरच्या कॅथलिक रूपात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा आहे. श्रोत्यांनी शंका विचाराव्यात आणि निरूपणकाराने त्यांचे निरसन करावे, ही त्याची पुराणाच्या घाटातली रचना. परलोकाचे वर्णन करताना स्टीफन्सने वैकुंठासारखे शब्द निःसंकोच वापरले. त्यामुळे नवख्रिस्ती श्रोत्याला तो लोक ओळखीचा वाटे. तेथील नियम मात्र वेगळे होते : जन्म एक, मरण एक आणि न्यायही एकदाच.

एकोणिसाव्या शतकात दुसरी लाट आली ती प्रोटेस्टंटांची. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत सुरू झाले आणि पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. मराठवाड्यात नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनच्या वतीने जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. मराठवाड्यातीलच हिंगोली त्या काळी निजामाच्या मुलखात असून तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. आज हिंगोली जिल्ह्यातील ख्रिस्ती वस्ती एकूण लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. शेजारी वाशीमला मात्र पुढे चर्च ऑफ द नाझरीनच्या मिशनने रुग्णालय चालवले. या पट्ट्यात पोचलेल्या प्रोटेस्टंट शिकवणुकीत शुद्धिस्थान नव्हते, मृतांसाठी मिस्सा नव्हती. होता तो याच जन्मी, याच क्षणी करायचा निर्णय.

ही शिकवण ऐकणाऱ्याच्या मनाची पाटी कोरी नव्हती. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव, तर औंढ्याचा नागनाथ हे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याच्या कथेचे ठिकाण. वारकरी परंपरेत मोक्षापेक्षा भक्तीचे सुख थोर मानलेले आहे आणि त्यासाठी पुन्हा जन्म घेण्याचीही संतांची तयारी असते. जन्ममरणाचा फेरा तिथे केवळ भयाचा विषय उरत नाही. त्यामुळे ‘एकच जन्म’ ही गोष्ट अशा श्रोत्याला सुटकेपेक्षा संधी हिरावल्यासारखी वाटण्याचा संभव अधिक. जिल्ह्यातील मोठ्या बौद्ध समाजाची अडचण आणखी वेगळी : आत्माच नाकारणाऱ्या विचाराला त्याच्या मरणोत्तर वस्तीचा प्रश्नच पडत नाही.

या दोन दृष्टींची झुंज एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायची तर नीळकंठशास्त्री गोरे यांच्याकडे वळावे लागते. 1825 मध्ये जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू मतांवर टीका केली, तेव्हा तरुण गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून तिला उत्तर दिले. त्यांचे आक्षेप नेमके परलोकविचारावर होते. चार दिवसांच्या आयुष्यातील पापाला अनंतकाळचा नरक, हा कसला न्याय? पूर्वजन्म मानला नाही तर कोणी जन्मतः आंधळा, कोणी जन्मतः श्रीमंत, याचा उलगडा कसा व्हायचा? कर्मसिद्धांत निदान शिक्षेला मर्यादा घालतो आणि विषमतेला कारण देतो. 1848 मध्ये हेच गोरे ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने त्यांनी पुढे षड्दर्शनांचे खंडन लिहिले. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा प्रभाव पडला. त्यांनी पक्ष बदलला म्हणून आक्षेपांची धार बोथट झाली नाही. विसाव्या शतकात पाश्चात्त्य धर्मशास्त्रज्ञांनाही अनंत नरकाच्या न्याय्यतेला पुन्हा सामोरे जावे लागले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तिसरी वाट धरली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगाच्या रूपात आणली. वादापेक्षा भक्ताचे देवाशी असलेले नाते त्यांना महत्त्वाचे वाटे आणि ते नाते मरणाने तुटत नाही, हा त्यांच्या परलोकविचाराचा गाभा म्हणता येईल. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करून अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. दफन हीच ख्रिस्ती रीत समजली जाण्याच्या काळात हा धर्मविचाराच्या दृष्टीने मोठा निर्णय होता. पुनरुत्थान देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून असेल तर देह मातीत गेला की अग्नीत, याने फरक पडत नाही, अशी त्याची संगती लागते. कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी उठवली ती 1963 मध्ये. 2016 च्या सूचनापत्रात दफनाला प्राधान्य कायम ठेवले आहे. रक्षा विखरू नये, वाटून घेऊ नये आणि घरी ठेवू नये, पवित्र जागी जतन करावी, असे त्यात म्हटले आहे. नदीत अस्थिविसर्जनाची रीत असलेल्या समाजात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला हा फरक लगेच जाणवतो.

विसाव्या शतकात धर्मशास्त्राचा काटा पुन्हा पुनरुत्थानाकडे झुकला. 1955 मध्ये धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमन यांनी हार्वर्डमधील व्याख्यानात आत्म्याचे अमरत्व ही ग्रीक कल्पना असून नव्या कराराची आशा मृतांच्या पुनरुत्थानाची आहे, असे प्रतिपादन केले. ज्यांनी शुभवर्तमान ऐकलेच नाही त्यांचे काय, या जुन्या प्रश्नावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखणारे, पण प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेणारे लोकही तारण मिळवू शकतात. 1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक ही जागा असण्यापेक्षा देवापासून स्वेच्छेने तुटल्याची अवस्था आहे, असे स्पष्टीकरण दिले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र नरकाचा शब्दशः अर्थच धरून आहेत.

आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती विधींत हे सारे थर एकत्र दिसतात. वसईच्या कॅथलिक गावांत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या लागतात, मृतांसाठी मिस्सा होते. प्रोटेस्टंट मंडळीत प्रार्थना होते ती मागे राहिलेल्या कुटुंबासाठी. मृताला देवाच्या हाती सोपवलेले असते. तरी दोन्ही ठिकाणी कबरीशी पुनरुत्थानाची तीच वचने वाचली जातात. मधल्या काळाविषयी पंथांचे मतभेद मिटलेले नाहीत. जन्म एकच आहे, न्याय देवाचा आहे आणि शेवट मरणाने नव्हे तर पुनरुत्थानाने होतो, या तीन गोष्टींवर त्यांचे एकमत आहे. पुनर्जन्म मानणाऱ्या शेजाऱ्यापासून ख्रिस्ती विचार वेगळा ठरतो तो या तीन गोष्टींमुळेच.