धूळ कुठून आली?

कराडपासून थोडं आत, कृष्णाकाठच्या एका घरात बाप-लेकाचं बिनसलं होतं. कारण दारातच उभं होतं: दोन सिलिंडरचा, पंचवीस हॉर्सपॉवरचा एचएमटी 2511. गावात त्याला अजून ‘झेटर’च म्हणतात. पिंजोरच्या सरकारी कारखान्यात 1971 पासून हे ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरच्या परवान्यावर बनायला लागले, म्हणून ते नाव. 2016 मध्ये सरकारनं तो ट्रॅक्टर विभागच बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे मुलाचा पहिला मुद्दा तयारच होता. “कारखाना बंद पडला, आणि आपण अजून ह्याच्यावर पैसा घालायचा?”

ट्रॅक्टरची तक्रार खरी होती. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची, मग उतारावर नेऊन ढकलायचा. चालू झाला की निळा धूर. इंजिन ऑईल आठवड्याला लिटरभर कमी व्हायचं. ऑईल भरायचं झाकण उघडलं की आतून भपके यायचे. भरली ट्रॉली घेऊन बांधावर चढताना तर तो चक्क मान टाकायचा.

बापाचं, म्हणजे आबांचं म्हणणं, इंजिन बांधून घ्यायचं. ह्या ट्रॅक्टरवर विहीर झाली, दोन लग्नं झाली, पोराचं शिक्षण झालं. मुलाचं म्हणणं, पन्नास हॉर्सपॉवरचा नवा घ्यायचा आणि हंगामात साखर कारखान्याचा ऊस ओढायचा. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, हे तो दिवसातून दोनदा ऐकवायचा. सहामाही हप्ता 65 हजार बसतो, हेही सांगायचा, पण जरा हळू आवाजात.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. फक्त एक आठवण काढून बोलत होता आणि दुसरा शोरूमचं माहितीपत्रक हातात धरून. बॉनेट कोणीच उघडलं नव्हतं.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी चहा घेतला, दोघांचं ऐकून घेतलं आणि कोणाचीच बाजू न घेता नोझल खोलायला सुरुवात केली. नोझलच्या जागी गेज लावला, मुलाला स्टार्टर मारायला लावला. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा बऱ्यापैकी वर चढला. ऑईलनं फट तात्पुरती बुजली, म्हणजे हवा पिस्टन रिंग आणि लायनरच्या मधून पळते आहे. दोष व्हॉल्व्हमध्ये असता तर काटा जागचा फारसा हलला नसता.

एवढ्यावर बहुतेक मिस्त्री ‘खोला इंजिन’ म्हणून मोकळे होतात. हे मात्र तिथंच अडून बसले.

“आबा, सहा वर्षांमागं लायनर-पिस्टन मीच टाकलेत. हे काय जायचं वय न्हाई. गेलं कशानं?”

मग त्यांनी एअर क्लिनरची वाटी काढली. ह्या जुन्या ट्रॅक्टरला कागदी फिल्टर नसतो. हवा आधी ऑईलच्या वाटीवरून फिरते, धूळ ऑईलात बसते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. वाटीत ऑईल असं नव्हतंच. तळाशी घट्ट काळा चिखल, बोटानं खरवडून काढावा असा. त्यानंतर मिस्त्रींचा हात क्लिनरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजवर गेला. होजला मधोमध सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. उन्हानं पट्टी वाळून तडकली होती. ती सोडवली तर खाली बोटभर लांब चीर. होज उपटून मिस्त्रींनी त्याच्या आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून दोघांपुढं धरलं. पिठासारखी बारीक माती. कोरड्या नांगरटीत हीच माती रोज सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि लायनर घासत होती.

“ही पट्टी कोणी बांधली?”

“मी. तात्पुरती बांधली हुती,” आबा म्हणाले.

“आणि वाटी कोण धुतं?”

आबांनी मुलाकडं पाहिलं, कारण ट्रॅक्टर मुलगा चालवायचा. मुलानं आबांकडं पाहिलं, कारण ट्रॅक्टर आबांचा होता.

“म्हंजे कुणीच न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “इंजिन म्हातारपणानं गेलेलं न्हाई, मातीनं खाल्लंय. हाच बांधा न्हाईतर नवा आणा, वाटी कोण बघणार ते आधी ठरवा. न्हाईतर नव्याचीबी हीच गत.”

मग हिशेब निघाला. तासांचं मीटर कधीचंच बंद, म्हणून मिस्त्रींनी पंपाच्या पावत्या मागितल्या. वर्षाला साधारण सहाशे लिटर डिझेल. मध्यम कामाला हे इंजिन तासाला तीनेक लिटर पितं, म्हणजे वर्षाचं काम दोनशे तासांचं. नव्याचे दोन हप्ते मिळून 1 लाख 30 हजार, म्हणजे डिझेल घालण्याआधीच तासाला साडेसहाशे रुपये. इंजिन बांधायला अंदाजे 75 हजार. ते पाच वर्षं, म्हणजे हजार तास जरी टिकलं, तरी तासाला पंचाहत्तर. मुलानं आकडेमोड मोबाईलवर दोनदा करून पाहिली.

“पण ऊस ओढायचा म्हटलं तर?”

“तर ह्याच्यानं व्हायचं न्हाई,” मिस्त्रींनी आडपडदा ठेवला नाही. “पंचवीसच्या ट्रॅक्टरला कितीबी बांधा, पन्नासचं काम तो करायचा न्हाई. कारखान्याचा करार हाय का हातात?”

करार नव्हता. ओळखीच्या मुकादमानं ‘बघू’ म्हटलं होतं, एवढंच.

तरीही मिस्त्रींनी लगेच होकार दिला नाही, आणि मला हा माणूस आवडतो तो इथं. नांगर लिफ्टवर उचलून त्यांनी इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळत बसले. नांगर जागचा हलला नाही, म्हणजे हायड्रोलिक शाबूत. गिअर निसटत नव्हते. क्लच ठीक होता. बाकीचा ट्रॅक्टर मोडकळीला आला असता, तर इंजिनावर पैसा घालण्यात अर्थ नव्हता. शेवटची अट क्रँकची. मागच्या वेळी तो एकदा ग्राइंड झाला होता. आता खोलल्यावर मायक्रोमीटर लावायचा. मापात बसला तर पुढं जायचं, नाहीतर तिथंच थांबून ट्रॅक्टर आहे तसा विकायचा. हे इंजिन खोलायच्या आधी ठरलं, हे महत्त्वाचं. एकदा सगळं खोलून पत्र्यावर मांडलं की माणसाला ‘एवढं केलंय तर हेही करू’ म्हणायची खोड लागते आणि बिल कुठल्या कुठं जातं.

क्रँक मापात बसला. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट नवे पडले. डिझेल पंपाचं काम मध्येच निघालं आणि बिल 81 हजारांवर गेलं. त्यात नवा होज आणि दोन क्लिपा मिळून 400 रुपये होते. ती ओळ मुलानं आबांना वाचून दाखवली नाही.

पहिले पन्नास तास हलकं काम दिलं, मग ऑईल बदललं. वाटीचं काम आता मुलाकडं आहे; नांगरटीच्या दिवसांत तो ती रोज संध्याकाळी उघडून पाहतो. करार हातात आला की मोठ्या ट्रॅक्टरचा विषय पुन्हा काढायचा, असं घरात ठरलंय, आणि आबांनीही त्याला मान डोलावली आहे.

तुमच्या दारातला ट्रॅक्टर निळा धूर टाकत असेल, तर शोरूमला किंवा वर्कशॉपला जायच्या आधी वाटी उघडा आणि होजवरून एकदा हात फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.