ब्लाइंड

चतुर्थीच्या दिवसांत मालवणच्या किनारपट्टीवर भजन आटपलं, उसळ-पाव खाऊन बुवा नि मंडळी पुढच्या घरी गेली, की मागं पडवीत चटई पडते आणि पत्ते निघतात. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, पण त्या रात्रींना आम्ही जागरण म्हणतो.

तीन पत्तीतली मेख बघा. पत्ते न बघता खेळतो तो ब्लाइंड. त्यानं पन्नास टाकले तर बघून खेळणाऱ्याला शंभर टाकावे लागतात. शिवाय आमच्याकडे समोरचा ब्लाइंड असेपर्यंत बघितलेल्याला शो मागता येत नाही. भरत राहा, नाहीतर पॅक व्हा. म्हणजे बेदरकारी अर्ध्या किमतीत मिळते, उरलेली किंमत समोरचा मोजतो.

एका वर्षी मुंबईहून आलेला एक चाकरमानी असाच ब्लाइंडवर ब्लाइंड मारत होता. समोर होडीवरचा एक खलाशी, हातात वरचं पान राणी, बाकी फुटकळ. दुप्पट भरायचं तर तीनातले दोन डाव जिंकण्याइतकं पान हवं. राणीवर निम्मेसुद्धा जिंकता येत नाहीत. हे त्याला कळत होतं, पत्ते खाली ठेवायला हात गेलाही होता. तेवढ्यात चाकरमानी म्हणाला, "काय रे, बघूनय भितंस? माका तर बघूची गरजच नाय!" पडवी हसली. खलाशानं शंभर टाकले, मग दोनशे, मग चारशे. शेवटी चाकरमान्यानं पत्ते बघितले, शो मागितला. पंजाची जोडी!

दुसऱ्या दिवशी जाणते म्हणाले, चाकरमान्यानं पेटवलं त्याला. पण पेटवणाऱ्याला दोष देऊन भागतं का? महाभारतात शकुनीही धर्मराजाला भीती वाटत असेल तर खेळू नको म्हणतो, आणि आव्हान आल्यावर मागं फिरायचं नाही हे आपलं व्रत, असं धर्मराज सांगतो. निदान शकुनीला आपले फासे ठाऊक होते. या माणसाला स्वतःचे पत्तेही ठाऊक नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून खलाशी पडवीतले चेहरे वाचत बसला.

मला कोडं पडतं ते वेगळंच. हाच माणूस वारा फिरला की रिकामी होडी घेऊन परत येतो. डिझेल फुकट जातं, तरी किनाऱ्यावर कुणी त्याला भित्रा म्हणत नाही. उलट शहाणा म्हणतात. दर्यावर माघारीला मान आहे, कारण तिथं न फिरलेल्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. चटईवर तसा मान कुणी ठेवलेला नाही. मग अब्रू राखायची जबाबदारी एकट्या खेळणाऱ्याचीच कशी?

"ऱ्हवांदे रे, पॅक हो," एवढं एखाद्या म्हाताऱ्यानं म्हटलं असतं तर तो कदाचित उठला असता. म्हातारे होते तिथं. चहा आला, पुढचा हात वाटला गेला, आणि चाकरमान्यानं न बघताच पन्नास टाकले.