शिरीषचा वाटा

अमेरिकेतल्या मॅडिसन शहराचं मेंडोटा तळं गोठलं असं केव्हा म्हणायचं, याची एक जुनी रीत आहे. पिकनिक पॉइंटहून मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता येईनाशी झाली, की त्या तारखेची नोंद करायची. वसंतात वाट मोकळी झाली, की दुसरी नोंद. १८५० च्या दशकापासून अशा तारखांची यादी चालत आली आहे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात तळ्यावर १६१ दिवस बर्फ होता, २००१-०२ मध्ये अवघे २१ दिवस. हवामान बदलतंय हे सांगणारी इतकी साधी आणि इतकी लांबलचक साक्ष फार थोड्या ठिकाणी सापडेल.

विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएच.डी. करणारी मानसी या यादीवरच काम करत होती. विषय निघाला की ती थांबत नसे. "कुणी सांगितलं होतं या लोकांना? कडाक्याच्या थंडीत काठावर जायचं, बघायचं, वहीत लिहायचं. पगारासाठी नाही, नावासाठी नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर आज मी कशावर काम केलं असतं?" हे बोलताना तिचे डोळे चमकायचे. ऐकणाऱ्यांत तिचा नवरा शिरीषही असायचा. बहुतेक वेळा पोळ्या लाटता लाटता.

शिरीष सांगलीचा, सिव्हिल इंजिनीअर. पुलांच्या साइटवर उन्हातान्हात उभं राहून त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. मानसीला असिस्टंटशिप मिळाली तेव्हा दोघांनी विचार करून ठरवलं, की तिनं जायचं आणि त्यानंही बरोबर जायचं. तो एफ-२ व्हिसावर आला. या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नाही. शिकायचं म्हटलं तरी पदवीचा पूर्णवेळ अभ्यास चालत नाही, अर्धवेळच. सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, म्हणून फोनपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं मानसीच्या नावावर. हे बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. त्या मुकाट्यानं निभावून नेतात, म्हणून त्याचं ओझं किती असतं ते बाकीच्यांना कळत नाही.

ईगल हाइट्स ही विद्यापीठाची वसाहत. कुटुंबवाले विद्यार्थी तिथे राहतात. दर रविवारी मानसीच्या घरी मंडळी जमायची. कॉम्प्युटरवाला अमेय, नेहा आणि राघव, माटुंग्यात वाढलेली आणि अस्खलित मराठी बोलणारी सेल्वी. स्टायपेंडवर जगणारी माणसं, त्यामुळे किराण्याचा खर्च ॲपवर टाकून सेंटपर्यंत वाटून घ्यायचा, अशी पद्धत. त्यात कमीपणा काही नव्हता. उलट त्यामुळेच मैत्री निर्धोक राहायची.

एका रविवारी अमेय म्हणाला, "मानसी, मी शिरीषदादाचं नाव ग्रुपमधून काढलंय. एका स्टायपेंडवर तुम्ही दोघं. त्याचा वाटा आम्ही वाटून घेऊ." अमेयच्या मनात काही वाईट नव्हतं. राघव लगेच हो म्हणाला, मानसीलाही बरं वाटलं. शिरीष हसला आणि कुकरची शिटी काढायला आत गेला.

मग डिपार्टमेंटची सहल आली. शिरीषनं पहाटे उठून कोथिंबीर वड्या केल्या होत्या. मानसीच्या गाईडनं दोन खाल्ल्या, तिसरी उचलली आणि शिरीषला विचारलं, "तुम्ही काय करता?" त्यानं तोंड उघडायच्या आत मानसी म्हणाली, "तो सध्या काहीच करत नाही. व्हिसामुळे." खरं तर ती त्याची बाजूच सावरून घेत होती. शिरीषनं हातातलं ताट टेबलावर ठेवलं आणि पेपर नॅपकिन आणायला म्हणून निघून गेला.

त्यानंतर रविवारी तो घरात थांबेना. वसाहतीला लागून सामुदायिक बाग आहे, १९६० च्या दशकापासूनची. तिथे भाड्यानं जमिनीचे तुकडे मिळतात. मानसीच्या नावावर एक तुकडा होता, तो शिरीष कसत असे. वांगी, मिरच्या, मेथी, टोमॅटो. शेजारच्या तुकड्यावर नातवंडं सांभाळायला आलेली एक चिनी आजी असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, शिरीषला चिनी. पण कोवळ्या वेलाला काठी कुठे रोवायची, हे तिनं त्याचं मनगट धरून दाखवलं होतं. ती काय करतोस म्हणून विचारत नसे. करताना पाहत होती.

इकडे रविवारी दुपारी मंडळी जमली. भात खाली लागला. आमटीला फोडणी कुणी द्यायची यावरच गाडी अडली. शेवटी पिझ्झा मागवला. नेहाला सातवा महिना होता. तिच्या पाठीमागे उशी द्यायचं कुणाला सुचलं नाही. सेल्वीचा पेपर नाकारला गेला होता, ते सांगायला तिला कुणी स्वयंपाकघरात बोलावून घेतलं नाही. पुढच्या रविवारीही तेच. ॲपवरचा हिशेब चोख होता आणि साडेआठला घर रिकामं झालं होतं.

सेल्वी तेवढी मागे राहिली. ताटल्या विसळताना म्हणाली, "तुझी ती तळ्याची माणसं. त्यांची नोकरी काय होती गं?"

"कुणास ठाऊक. एखादा शेतकरी असेल, एखादा दुकानदार. काय फरक पडतो? त्यांनी काम केलं ना."

"पगाराशिवाय?"

"म्हणून काय झालं? त्यांच्या जिवावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे." मानसी जरा चिडूनच बोलली.

"बरं," सेल्वी म्हणाली. "आणि सहलीला तू शिरीषबद्दल काय सांगितलंस?"

मानसीसमोरचा नळ सुरूच राहिला. तो सेल्वीनं बंद केला, कोट घातला आणि ती घरी गेली.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. त्या रात्री हिमाचा इशारा होता. मानसी टॉर्च घेऊन बागेकडे गेली. शिरीष आणि आजी वाकून कामाला लागले होते. आजीनं मेथीकडे बोट दाखवून हात हलवला. ती राहू दे, हलकं हिम सोसेल. वांगी मात्र हाती लागतील तेवढी काढायची, कारण सकाळपर्यंत झाड काळं पडणार. मानसी घरून प्लॅस्टिकचा कागद घेऊन आली होती.

"प्लॅस्टिक नको," शिरीष म्हणाला. "पानाला टेकलं की तिथेच पान गोठतं. जुनी चादर दे. आणि कडेला दगड ठेव, जमिनीची ऊब आत कोंडली पाहिजे."

तिनं चादर पसरली, दगड ठेवले. एक कड उघडी राहिली होती, त्यानं ती पुन्हा नीट करायला लावली. बराच वेळ दोघं कामापुरतंच बोलत होती. मग ती म्हणाली, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले."

"हो," शिरीष म्हणाला. "पण मला जास्त लागलं ते माझ्याऐवजी तू बोललीस याचं. पुढच्या वेळी मला विचारलं, तर मला उत्तर देऊ दे."

"काय सांगशील?"

"पूल बांधत होतो. आता माती शिकतोय, घर चालवतोय. यात लपवायचं काय आहे? आणि अमेयला सांग, माझं नाव परत घाल."

"पैसे?"

"माझा वाटा मी देईन. कसा ते माझं मी ठरवीन. तुम्ही दया करून काढून टाकू नका."

पुढच्या रविवारी शिरीष पिशवी घेऊन आला आणि ती त्यानं अमेयच्या मांडीवरच ठेवली. अमेयनं फोन काढला, नाव घातलं आणि अडला. "दादा, इथे आकडाच लागतो. काय लिहू?"

"वांगी साडेचार किलो, मोजून आणलीत. मिरच्या पाव किलो. कच्चे टोमॅटो आहेत, त्यांची चटणी करू."

"डॉलरमध्ये किती धरू?"

"बाजारात काय भाव आहे तो बघ आणि तोच लाव. कमी नको, जास्त नको." शिरीषनं बाह्या सरसावल्या. "आणि ऊठ, लसूण सोल. नेहा, तू बस. सेल्वी, तू आत ये, त्या पेपरचं काय झालं ते मला पहिल्यापासून सांग."