चूकभूल द्यावी घ्यावी

बेळगावच्या कोर्टात निपाणीकडील तंबाखूच्या व्यवहारांचे कागद चाळताना हिशेबाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे शब्द वारंवार दृष्टीस पडतात. हा व्यापाऱ्याचा दुबळेपणा समजावा की प्रामाणिकपणा?

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या माझ्या भाच्याशी बोलताना हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. त्याच्या ‘फंक्शनल’ पद्धतीत प्रत्येक फंक्शन गणितातल्यासारखे असते: अमुक द्यावे, तमुक मिळावे. परंतु शून्याने भागण्याची वेळ आली, किंवा हवी ती नोंदच सापडली नाही, तर? टोनी होअर या इंग्रज पंडिताने १९६५ साली ‘नल’, म्हणजे रिकामा निर्देश, योजिला. त्यामुळे ‘काही नाही’ हेही ‘काही आहे’ अशा वेषात पुढे जाऊ लागले. २००९ साली त्यानेच ही आपली अब्ज डॉलरांची चूक म्हणून कबूल केली. आता ‘कोका’सारख्या भाषेत फंक्शनच्या प्रकारातच ‘येथे चूक संभवते’ अशी नोंद असते. तिला ‘इफेक्ट टाइप’ म्हणतात. ते फंक्शन जो वापरील त्याच्याही माथी ती नोंद येते, आणि त्या चुकीची कोणीतरी व्यवस्था लावीपर्यंत ती पुसली जात नाही.

उपनिषदांत संगणक शोधण्याचा मोह मला नाही. तथापि छांदोग्याच्या चौथ्या अध्यायातील यज्ञाचा ब्रह्मा येथे आठवतो. इतर ऋत्विज मंत्र म्हणत असता तो मौन धरून लक्ष ठेवतो. क्षती ऋचांकडून झाली तर गार्हपत्यात, यजुषांकडून झाली तर दक्षिणाग्नीत, सामांकडून झाली तर आहवनीयात आहुती. चूक होईल हे आरंभीच गृहीत आहे, आणि प्रत्येक चुकीचे प्रायश्चित्त वेगळे आहे. कायद्याची दृष्टीही हीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ निवाड्यातील लेखनाची वा बेरजेची चूक केव्हाही दुरुस्त करू देते. निर्णयच चुकला असेल, तर मात्र अपिलाचा मार्ग.

चुकीची पूर्वसूचना म्हणजे चुकीचा परवानाच, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर मला स्वानुभवाने मिळाले. काही वर्षांपूर्वी एका अपिलाची तीस दिवसांची मुदत मोजताना माझी चूक झाली. विलंबमाफीच्या अर्जात ‘पक्षकार आजारी होते’ असे लिहिणे सोपे होते. तसे लिहिण्याची त्या भल्या गृहस्थांची तयारीही होती. लेखणी बराच वेळ अडली. अखेर चूक वकिलाची आहे, असे मी माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहून दिले. विलंब माफ झाला. तो झाला नसता, तर नुकसान त्यांचे होते आणि त्याचा जाब मला द्यावा लागला असता. परवाना मिळालेल्या माणसाची लेखणी अशी अडत नाही.

वाचकहो, पूजेच्या शेवटी आपण न्यूनाधिकाची क्षमा मागतो, म्हणून पुढील पूजा कोणी निष्काळजीपणे करीत नाही. व्यापाऱ्याच्या त्या तीन शब्दांतही ‘द्यावी’ हा शब्द ‘घ्यावी’च्या आधी आहे. अधिक घेतले गेले असल्यास परत करण्याचे वचन त्याने हिशेबाबरोबरच देऊन ठेवलेले असते.