टाकून देण्याची विद्या

दिवाळीतला बाण बाटलीतून सुटतो तेव्हा शेपटाची आग हवेला रेटते आणि म्हणून तो वर चढतो, असं पुष्कळांना वाटतं. हा समज शिकल्यासवरल्यांचाही होता. चंद्रापर्यंत रॉकेट पाठवता येईल असं रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकी प्राध्यापकाने सुचवलं, तेव्हा 13 जानेवारी 1920 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीय पानाने त्यांची खिल्ली उडवली. पोकळीत रेटायला काही नसताना रॉकेट चालणार कशावर, असा त्या टीकेचा सूर होता. वृत्तपत्राने ही चूक दुरुस्त केली ती 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना.

रॉकेट कशालाच रेटत नाही. ते जवळचं वस्तुमान जोराने मागे फेकतं आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे सरकतं. हवा असली तर उलट अडथळाच. म्हणजे टाकायला काही शिल्लक आहे तोवर जोर आहे. किती जोराने टाकता येतं, हा पुढचा प्रश्न. हैदर आणि टिपूच्या म्हैसुरी बाणांनी कंपनीच्या फौजांना हैराण केलं, कारण त्यांची दारू लोखंडी नळीत ठासलेली असे. कागदाची नळी फुटेल तो दाब लोखंड सोसतं, वायू अधिक वेगाने बाहेर पडतात आणि पल्ला वाढतो. इंग्रजांनी ते बाण वुलिचला नेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून नवे बनवले.

पण शस्त्र फेकायचंच असतं. काय खर्ची पडलं याचा हिशोब तिथे कोण ठेवणार? तो 1903 मध्ये मांडला कालुगा या रशियन गावातल्या, कानाने अधू असलेल्या एका शाळामास्तराने. कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्कीचं समीकरण पाहायला साधं, परिणामाने निर्दय. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळल्यावर वायू सेकंदाला साधारण 3 किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. रॉकेटला तेवढाच वेग हवा असेल, तर निघतानाचं वजन उरलेल्या वजनाच्या 2.7 पट लागतं. 6 किलोमीटर हवा असेल तर 7.4 पट, 9 हवा असेल तर 20 पट. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण यांच्याशी झगडण्याचा खर्च धरला, तर पृथ्वीभोवतीची कक्षा गाठायला 9 च्याही थोडं वरच लागतं. म्हणजे शंभर किलोंतले 95 किलो इंधनाचे. उरलेल्या पाचांत टाक्या, इंजिन, यंत्रणा आणि जमलंच तर उपग्रह.

यातून वाट एकच निघाली: रिकामी झालेली टाकी वाहत बसू नका, तीही टाका. टप्प्यांचं रॉकेट ते हेच. गॉडर्डनी त्याचं पेटंट 1914 मध्येच घेतलं होतं. भारताच्या एसएलव्ही-3 ने 18 जुलै 1980 रोजी श्रीहरिकोट्याहून रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा उड्डाणाचं वजन होतं 17 टन, टप्पे चार आणि उपग्रह 35 किलोंचा. एका किलोमागे पावणेपाचशेहून अधिक किलो खर्ची पडले. अपोलो मोहिमांच्या सॅटर्न-5 रॉकेटचा पहिला टप्पा अडीच मिनिटांत सुमारे दोन हजार टन इंधन-ऑक्सिजन संपवून अटलांटिकमध्ये कोसळे. त्यातल्या काही इंजिनांचे वाकलेले, गंजलेले अवशेष 2013 मध्ये समुद्रतळातून वर काढले गेले. एका भागावर अपोलो-11 च्या इंजिनाचा क्रमांक अजून वाचता येत होता.

टाकण्याची ही सवय धातूपाशी थांबली नाही. जर्मनीचं व्ही-2 रॉकेट जमिनीखालच्या बोगद्यांत ज्यांच्याकडून बनवून घेतलं, त्या मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतले सुमारे 20 हजार कैदी उपासमार, रोगराई, श्रम आणि फाशीने मेले. नोव्हेंबर 1957 मध्ये लायका ही कुत्री अंतराळात पाठवली, तीही तिला परत आणायची सोयच न करता. ध्येय मोठं असलं की कोण आणि काय ‘टाकाऊ’ हे ठरवणं फार सोपं होऊन जातं.

आता वारं थोडं फिरलं आहे. 21 डिसेंबर 2015 रोजी फाल्कन-9 या रॉकेटचा पहिला टप्पा उपग्रह पुढे धाडून जमिनीवर उभा उतरला. त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, पाय आणि पंख वाहावे लागतात, तेवढा उपग्रहाचा भार घटतो. तरीही ते परवडतं, कारण इंधन स्वस्त आणि इंजिनं महाग. इस्रोने 2022 पासून पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याला, जो एरवी कक्षेत कचरा म्हणून फिरत राहिला असता, ‘पोएम’ नावाची प्रयोगशाळा केलं. या बदलामागे पुण्याई नाही, पैसा आणि कक्षेतली गर्दी आहे, हे खरं. पण हिशोबाची वही उघडायला कारण कुठलंही चालतं.

रॉकेटचं भौतिकशास्त्र 1903 पासून तसूभर हललेलं नाही. त्सिओल्कोव्स्कीच्या समीकरणात दोनच वस्तुमानं आहेत, आधीचं आणि नंतरचं. मधला फरक कुठे पडला आणि कोणाच्या जिवावर पडला, हे ते सांगत नाही. ते त्याचं कामही नव्हे. ते काम रॉकेट उडवणाऱ्यांचं, आणि उपग्रहावरून आलेला वादळाचा इशारा वाचून खिडक्या लावून घेणाऱ्या आपलंही.